तुम्ही आता घरीच असता ना?

निवृत्तीची तयारी म्हटली की आपल्याकडे पैशांचा हिशेब सुरू होतो. भविष्यनिर्वाह निधी किती जमला, ग्रॅच्युइटी किती मिळेल, मेडिक्लेम कोणता घ्यायचा, मुदत ठेवी कुठे ठेवायच्या, यावर माणसं दोन-दोन वर्षं आधीपासून खल करतात. वेळेचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही, कारण वेळ भरपूर मिळणार याची सगळ्यांना खात्री असते. फार तर ‘दिवस कसा जाणार’ एवढी काळजी असते. प्रत्यक्षात विलेपार्ल्यासारख्या उपनगरात निवृत्त झालेल्या अनेकांची तक्रार सहा-आठ महिन्यांनी नेमकी उलटी होते. नोकरीत होतो तेच बरं होतं, आता श्वास घ्यायला फुरसत नाही, असं ते म्हणू लागतात.

ही तक्रार खरी आहे आणि ती हसून सोडून देण्यासारखी नाही. दिवसभर धावपळ होते, पण संध्याकाळी आज काय केलं ते आठवत नाही. जी पुस्तकं वाचायची म्हणून ठेवली होती, ती कपाटातच राहतात. पेटी शिकायची होती, कोकणातल्या घरी महिनाभर राहायचं होतं, ते पुढच्या वर्षावर जातं. निवृत्त माणसाकडे वेळ असतो की नसतो हा प्रश्न नाही. त्या वेळेवर हक्क कोणाचा, हा प्रश्न आहे, आणि या प्रकरणात आपण तोच सोडवणार आहोत.

किती तास सुटतात?

पार्ल्याहून चर्चगेटला नोकरीला जाणाऱ्या माणसाचा दिवस धरू. पार्ल्याला बहुतेक जलद गाड्या थांबत नाहीत. धीम्या लोकलने जायचं, नाहीतर उलटं अंधेरीला जाऊन जलद गाडी पकडायची. घरापासून कचेरीपर्यंत आणि परत, असे मिळून अडीच तास सहज जातात. कामाचे साडेआठ तास धरले तर रोजचे अकरा तास नोकरीच्या खात्यात जमा. वर्षाला कामाचे २८० दिवस मोजले तर हे ३,०८० तास होतात. निरोप समारंभाची शाल आणि श्रीफळ घेऊन घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापासून हे सगळे तास एकदम सुटतात.

हे किती वर्षं चालणार? स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. बालमृत्यू फार असल्यामुळे तो आकडा इतका खाली होता हे खरं, तरी साठी पाहिलेली माणसं तेव्हा कमीच दिसत. आज आयुर्मान सत्तरीच्या घरात आहे. निवृत्त माणसाच्या दृष्टीने मात्र वेगळाच आकडा महत्त्वाचा आहे : साठी गाठलेल्या भारतीयाला सरासरी आणखी सुमारे १८ वर्षं मिळतात. ३,०८० गुणिले १८ म्हणजे ५५ हजारांहून जास्त तास. पस्तीस वर्षांच्या नोकरीत जेवढे तास घातले, त्याच्या निम्म्याहून थोडे अधिकच.

निवृत्तीची कल्पना जेव्हा रुजली तेव्हा एवढा काळ कोणाच्याच डोळ्यांसमोर नव्हता. जर्मनीत १८८९ साली बिस्मार्कच्या काळात वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला, तेव्हा वयाची अट सत्तर वर्षांची होती आणि तिथवर पोहोचणारे कामगार थोडेच होते. आपल्याकडे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय १९६२ मध्ये ५५ वरून ५८ आणि १९९८ मध्ये ५८ वरून ६० झालं. वय वाढलं, पण आयुष्य त्याहून वेगाने वाढलं. शेवटच्या विसाव्यासाठी योजलेला काळ आता जवळपास दोन दशकांचा झाला आहे. दोन दशकं विसावा घेऊन निघत नाहीत. त्यांची मांडणी करावी लागते.

‘ऑफिस आहे’ या वाक्याची किंमत

नोकरी पगार देते, तशीच एक भक्कम सबब देते. ‘ऑफिस आहे’ एवढं म्हटलं की दूरच्या नात्यातला साखरपुडा टळतो, सोसायटीची कार्यकारिणी टळते, शाळेतली पालकसभा दुसऱ्या कोणावर जाते. ‘रजा मिळत नाही’ या वाक्यावर कोणी वाद घालत नाही, रुसतही नाही. नकार आपण देत नसतो, साहेब देत असतो. पस्तीस वर्षं आपल्या वतीने कोणीतरी नकार देत होतं हे आपल्या लक्षातही येत नाही. निवृत्तीच्या दिवशी ओळखपत्र परत करताना ही सबबही परत जाते.

मुंबईत कुंपण नसलेल्या मोकळ्या भूखंडाचं काय होतं ते आपण पाहतोच. आधी कोणी चार विटा ठेवतो, मग ताडपत्री येते, मग भिंत उभी राहते. निवृत्त माणसाच्या वेळेवर असंच अतिक्रमण होतं, आणि ते करणारी माणसं आपली, प्रेमाची असतात. ‘तुम्ही आता घरीच असता ना?’ हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. गॅसवाला येणार आहे, कुरिअर घ्यायचं आहे, प्लंबरजवळ थांबायचं आहे, आणि समोरचा माणूस घरी दिसतो. ‘घरी असणं’ आणि ‘रिकामं असणं’ हे त्याला एकच वाटतं. आपल्यालाही ते एकच वाटत राहिलं, तर तक्रार कोणाकडे करणार?

मागण्या कुठून येतात?

मागण्यांचा बंदोबस्त करायचा तर आधी त्या ओळखाव्या लागतात. पार्ल्यातल्या मराठी मध्यमवर्गीय घरात त्या साधारण सहा दिशांनी येतात.

पहिली दिशा नातवंडांची. मुलगा आणि सून दोघंही वांद्रे-कुर्ला संकुलात किंवा पवईला नोकरी करतात. शाळेची बस गाठणं, दुपारचं जेवण, संध्याकाळचा क्लास, तापाच्या दिवशी डॉक्टर, हे सारं आजी-आजोबांवर येतं. बहुतेकांना ते हवंही असतं. आयुष्यातला तो फार मोठा आनंद आहे. पण ‘जमेल तेव्हा बघू’ पासून ‘रोज तुम्हीच’ इथवरचा प्रवास कोणी ठरवून करत नाही, तो आपोआप होतो. मुलगी अमेरिकेत असेल तर बाळंतपणासाठी जाणं आलं. पर्यटक व्हिसावर तिथे साधारणपणे एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, म्हणून अनेकांचं अख्खं अर्धं वर्ष तिकडच्या घरकामात जातं. परत येईपर्यंत इथली सुरू केलेली प्रत्येक गोष्ट तुटलेली असते.

दुसरी दिशा सोसायटीची. पार्ले पूर्वेच्या जुन्या तीन-चार मजली इमारतींमध्ये आज पुनर्विकास हा घरोघरचा विषय आहे. विमानतळाशेजारी असल्यामुळे इथल्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा येतात, त्यामुळे किती मजले बसतील आणि विकासकाला ते परवडेल का, यावर वर्षानुवर्षं चर्चा चालते. राज्य सरकारने पुनर्विकासासाठी ३ जानेवारी २००९ रोजी कार्यपद्धती ठरवून दिली आणि ४ जुलै २०१९ रोजी ती सुधारली. विशेष सर्वसाधारण सभा, वास्तुविशारदाची किंवा प्रकल्प सल्लागाराची नेमणूक, निविदा, विकासकाची निवड, करारनामा, अशा पायऱ्या त्यात आहेत. प्रत्येक पायरीला पत्रं, इतिवृत्तं, सह्या आणि महापालिकेच्या कार्यालयात खेटे आले. हे काम कोणाच्या गळ्यात पडतं? जो गेल्याच महिन्यात निवृत्त झाला त्याच्या. ‘काका, तुम्हीच सेक्रेटरी व्हा, तुम्हाला बँकेतला अनुभव आहे’ असं म्हटलं की नकार देणं जड जातं. कार्यकारिणीची मुदत पाच वर्षांची असते, हे हो म्हणताना ध्यानात राहत नाही.

तिसरी दिशा मागच्या पिढीची. साठीच्या मुलाची आई आज पंचाऐंशी-नव्वदीची असते. पूर्वी साठीला आलेला माणूस घरातला सर्वांत मोठा असे, आता तो मधला असतो. एका हाताला आईची औषधं आणि दुसऱ्या हाताला नातीचं दप्तर. या कामाला वेळापत्रक नसतं, आणि ते दुसऱ्यावर ढकलावं असं मनातही येत नाही.

चौथी दिशा नात्यागोत्याची. लग्न, मुंज, बारसं, साठीशांत, दहावा-तेरावा. तरुणांना रजा नसते, म्हणून घराण्याचा प्रतिनिधी म्हणून निवृत्त माणसाने जायचं.

पाचवी दिशा कागदपत्रांची. नोव्हेंबरात हयातीचा दाखला, जुलैत प्राप्तिकराचं विवरणपत्र, आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला बँकेतले फॉर्म, मेडिक्लेमचं नूतनीकरण, नामनिर्देशन, मृत्युपत्र. यातलं बरंच आता घरबसल्या होतं. हयातीच्या दाखल्याची डिजिटल सोय नोव्हेंबर २०१४ पासून आहे आणि आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो. तरीही बँकेत जाऊन रांगेत उभं राहणं हाच अनेकांचा परिपाठ आहे, कारण बाहेर पडायला ते एक निमित्त होतं.

सहावी दिशा हातातल्या मोबाइलची. ही मागणी कोणी बोलून दाखवत नाही. सकाळचे सुप्रभातचे संदेश, शाळेच्या वर्गाचा गट, कचेरीचा गट, सोसायटीचा गट, कुलाचा गट. प्रत्येकाला उत्तर द्यायचं, फुलं पाठवायची, पुढे ढकलायचं. मोबाइलमध्येच रोजच्या वापराचे तास पाहायची सोय असते. एकदा तो आकडा पाहून वहीत लिहून ठेवावा.

या सहांपैकी पहिल्या पाच मागण्या रास्त आहेत. अडचण तीच आहे. प्रत्येक मागणी एकेकटी पाहिली तर तिला नाही म्हणावं असं काही तिच्यात नसतं. मात्र त्या सगळ्यांची बेरीज कोणीच करत नाही, कारण मागणाऱ्या प्रत्येकाला आपलीच मागणी दिसते. बेरीज करण्याचं काम निवृत्त माणसाचं स्वतःचं आहे.

घरातल्या बाईची निवृत्ती कधी?

इथवर ‘निवृत्त माणूस’ असं म्हणताना बहुधा पुरुष डोळ्यांसमोर आला असेल. आता घरातल्या बाईचा वेळ मोजू. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. लोक चोवीस तासांत काय काय करतात, याची ती अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद होती. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, तर घरकामात भाग घेणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. त्यातही, पाहणीच्या दिवशी घरकामाला हात लावलेल्या बायका शंभरात ८१ होत्या आणि पुरुष शंभरात २६. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ मिनिटं असे आले. पाच वर्षांत चित्र फारसं बदललं नाही.

या आकड्यांचा पार्ल्यातल्या घरात अर्थ काय होतो? नवरा निवृत्त झाला की बायकोचं काम वाढतं. दुपारी तिचा जो दोन-तीन तासांचा मोकळा काळ असे, त्यात आता गरम जेवण, चारचा चहा आणि आलेल्या-गेलेल्याचं पाहणं येतं. तिचं भजनी मंडळ, तिच्या मैत्रिणी, तिची झोप, सगळ्याला कात्री लागते. ती शिक्षिका किंवा बँकेत असेल तर तिची स्वतःची निवृत्ती आणखी कठीण. नोकरीत असताना पोळीला बाई ठेवलेली असते, निवृत्त झाल्यावर ‘आता कशाला बाई?’ असं तीच म्हणते, किंवा तिला म्हणायला लावलं जातं. एका नोकरीतून सुटून ती दुसरीत पूर्ण वेळ रुजू होते.

म्हणून निवृत्तीच्या वेळेचा विचार एकट्याने करायचा नाही. नवऱ्याने आपले ५५ हजार तास मोजताना बायकोचेही मोजले पाहिजेत. सकाळचा चहा आणि नाश्ता, भाजी आणणं आणि निवडणं, कपडे वाळत घालणं आणि घड्या करणं, आठवड्यातली दोन-तीन संध्याकाळची जेवणं, एवढं पुरुषाने कायमचं अंगावर घ्यावं. ‘मदत करतो’ असं म्हणू नये, घर दोघांचं आहे. असं केलं तर दोघांच्याही वाट्याला खरा मोकळा वेळ येतो, आणि एकमेकांच्या पायात येण्याचे निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षातले खटके पुष्कळ कमी होतात. ती शिक्षिका होती की गृहिणी, यावर मोकळ्या वेळेचा तिचा हक्क अवलंबून नाही.

काम का पसरतं?

मागण्या बाहेरून येतात तशी गुंतागुंत आतूनही होते. ब्रिटिश लेखक सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांचा एक लेख १९ नोव्हेंबर १९५५ च्या ‘द इकॉनॉमिस्ट’ मध्ये आला. कामासाठी जितका वेळ उपलब्ध असेल तितकं ते पसरतं, हा त्यातला नियम पुढे जगप्रसिद्ध झाला. सरकारी खात्यांसाठी तो सांगितला जातो, पण त्या लेखातलं पहिलं उदाहरण एका रिकामपण असलेल्या वृद्ध बाईंचं आहे. भाचीला एक पोस्टकार्ड पाठवायला त्यांचा पूर्ण दिवस जातो. कार्ड शोधणं, चष्मा शोधणं, पत्ता शोधणं, लिहिणं, पेटीत टाकायला जाताना छत्री न्यावी का याचा विचार. कामात असलेला माणूस हेच तीन मिनिटांत उरकतो. निवृत्तीनंतर बँकेच्या पासबुकावर नोंद करून आणण्यात सकाळ जाते, ती याच नियमाने.

दुसरं कारण मनाचं आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हिड एकर्ट यांनी १९८६ मध्ये मांडलं की निवृत्त माणसं नोकरीतली कामाची नीती निवृत्तीतही पुढे नेतात. आपण सतत कामात आहोत हे दिसलं, तरच निवृत्ती शोभते असं त्यांना आणि समाजालाही वाटतं. आपल्याकडे हे आणखी ठळक आहे. ‘काय करता सध्या?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हे उत्तर द्यायची लाज वाटते. ‘अहो, वेळच नाही’ असं म्हटलं की मान राखल्यासारखं वाटतं. त्यामुळे येईल त्या कामाला हो म्हटलं जातं. नुसतं खिडकीत बसून पाऊस पाहणं हाही वेळेचा चांगला उपयोग आहे, हे मान्य करायला धीर लागतो. तो धीर कमवला पाहिजे.

रॉबर्ट ॲचली या अभ्यासकांनी निवृत्तीचे टप्पे सांगितले आहेत. आधी मधुचंद्रासारखा उत्साहाचा काळ, मग भ्रमनिरास, मग नव्याने दिशा ठरवणं आणि शेवटी स्थिरता. सगळे जण सगळ्या टप्प्यांतून जातातच असं नाही. पण दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे साधारण पहिलं वर्ष उलटताना, मन खट्टू झालं तर आपलंच काही चुकलं असं समजू नये. दिशा ठरवण्याची वेळ आली, एवढाच त्याचा अर्थ.

महर्षी कर्वे यांनी काय निवडलं

दिशा ठरवणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रात एका माणसाच्या आयुष्यात सर्वांत स्वच्छ दिसतं. धोंडो केशव कर्वे १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. १९१४ मध्ये ते तिथून निवृत्त झाले तेव्हा त्यांचं वय ५६ होतं. १९१५ मध्ये त्यांचं ‘आत्मवृत्त’ प्रसिद्ध झालं. आयुष्याचा आढावा घेऊन झाला, आता विश्रांती, असं कोणी म्हटलं असतं. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. आज एसएनडीटी म्हणून ओळखलं जाणारं हे विद्यापीठ पार्ल्याच्या माणसाला परकं नाही, कारण त्याचा जुहूचा परिसर इथून हाकेच्या अंतरावर आहे. १९२९ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी विद्यापीठासाठी परदेशांचा दौरा सुरू केला. १९३६ मध्ये ७८ व्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं. १९४४ मध्ये ८६ व्या वर्षी समता संघ स्थापन केला. १९५८ मध्ये, वयाच्या शंभरीला, त्यांना भारतरत्न मिळालं आणि १९६२ मध्ये ते गेले.

कर्वे असामान्य होते. प्रत्येक निवृत्ताने विद्यापीठ काढावं अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण त्यांच्या वेळेच्या वापरातल्या दोन गोष्टी कोणालाही घेता येतील. एक म्हणजे निवृत्तीनंतरचं काम निवृत्तीच्या दिवशी सुरू झालं नव्हतं. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, १९०७ मध्ये महिला विद्यालय, असा धागा नोकरीत असतानाच पकडलेला होता. दुसरी म्हणजे काम सुरू झाल्यावर ते शंभर दिशांना वाटलं गेलं नाही. शिक्षण आणि समता, एवढीच ती वाट होती.

मानसशास्त्रात याच दुसऱ्या गोष्टीचा अभ्यास पॉल आणि मार्गरेट बाल्टेस या दांपत्याने केला. वाढत्या वयात चांगलं जगणारी माणसं तीन गोष्टी करतात, असं त्यांनी मांडलं : कमी गोष्टी निवडतात, निवडलेल्यांवर अधिक मेहनत घेतात आणि जी शक्ती कमी झाली तिची भरपाई युक्तीने करतात. त्यांचं आवडतं उदाहरण पियानोवादक आर्थर रुबिन्स्टाइन यांचं. म्हातारपणी ते कमी रचना वाजवत, त्यांचाच जास्त सराव करत, आणि जलद भागाच्या आधी मुद्दाम लय संथ करत, म्हणजे पुढचा भाग ऐकणाऱ्याला वेगवान वाटे. आपल्याकडच्या मुरलेल्या गवयांना हे सांगावं लागणार नाही. निवृत्तीतल्या वेळेसाठीही हीच रीत उपयोगी आहे. सात कामं अर्धवट करण्यापेक्षा दोन कामं मनापासून करावीत.

संस्थांना वेळ द्यावा, पण मोजून

वेळ चांगल्या ठिकाणी लावायचा तर पार्ल्यासारखं गाव नाही. १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं, १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. दोन्ही संस्थांनी शंभरी ओलांडली. सेवा संघाच्या टिळक मंदिरातलं ग्रंथालय, व्याख्यानं, सेवेचे उपक्रम हे पगारी माणसांच्या बळावर एवढी वर्षं चाललेले नाहीत. कोणीतरी संध्याकाळचे दोन तास दिले म्हणून ते चालले. पार्ले पश्चिमेला मुंबई ग्राहक पंचायतीचं ग्राहक भवन आहे. १९७५ पासून ही चळवळ चालू आहे. शेजारची कुटुंबं गट करतात, महिन्याची यादी भरतात, माल एकत्र खरेदी होऊन गटाकडे येतो आणि सदस्य तो वाटून घेतात. शिवाय फसवल्या गेलेल्या ग्राहकांना मार्गदर्शन मिळतं. हिशेब, पत्रव्यवहार आणि कायद्याची भाषा जाणणाऱ्या निवृत्त माणसाची इथे फार गरज असते. ज्येष्ठ नागरिक संघ तर आता वस्तीवस्तीत आहेत आणि राज्यभरच्या संघांचा महासंघ, फेस्कॉम, १९८० पासून काम करतो.

संस्थेत जाताना तीन गोष्टी पहिल्याच दिवशी सांगाव्यात. आठवड्याचे किती तास देईन, कोणतं काम करीन आणि किती महिने करीन. ‘मंगळवार आणि शुक्रवार, चार ते सहा, ग्रंथालयाच्या नोंदी, पुढच्या मार्चपर्यंत’ असं स्पष्ट सांगितलं की संस्थेलाही बरं पडतं. पद घेण्याची घाई करू नये. पदाबरोबर बैठका येतात आणि बैठकांबरोबर मतभेद येतात. आधी वर्षभर काम करावं, मग पदाचा विचार करावा.

आठवडा कसा मांडावा

सुरुवात नोंदीने करावी. सरकारी पाहणीसारखीच अर्ध्या अर्ध्या तासाची, सलग सात दिवसांची. नवरा-बायको दोघांनी आपापली वेगळी लिहावी. आठवड्याअखेर तीन बेरजा कराव्यात : स्वतःसाठी गेलेला वेळ, दुसऱ्यांसाठी आनंदाने दिलेला वेळ आणि भिडेपोटी गेलेला वेळ. तिसरी बेरीज पाहूनच पुष्कळ गोष्टी सुचतात.

मग रिकामा आठवडा कागदावर आखावा आणि त्यात सर्वांत आधी स्वतःचे तास भरावेत. पहिला हक्क शरीराचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ६५ वर्षांवरच्या माणसानेही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, दोन दिवस स्नायू बळकट करणारे आणि तीन दिवस तोल सांभाळणारे व्यायाम करावेत. म्हणजे रोज सकाळचा पाऊण तास. त्या वेळात बँक नाही, फोन नाही. दुसरा हक्क आपण निवडलेल्या त्या एक-दोन गोष्टींचा. संगीत असो, वाचन असो, बाग असो, त्यांना ठरलेला वार आणि ठरलेला तास असावा. तिसरा हक्क घरकामातल्या आपल्या वाट्याचा.

नातवंडांसाठी वार ठरवावेत. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार आमचे, बाकीचे दोन दिवस पाळणाघर किंवा तुमची व्यवस्था’ असं मुलांशी प्रेमाने, पण सुरुवातीलाच बोलावं. आणीबाणीला आपण आहोतच, हेही त्याच वेळी सांगावं. नियम आधी ठरले तर मनं दुखावत नाहीत. वर्षभराने थकून तक्रार केली तर दोन्ही बाजूंना लागते. कागदपत्रांच्या वार्षिक तारखा कालनिर्णयावर जानेवारीतच लिहून टाकाव्यात आणि महिन्यातली एकच सकाळ त्यांच्यासाठी ठेवावी. आठवड्यातल्या दोन अर्ध्या दिवसांवर काहीही लिहू नये. आजारपण, पाहुणे, कोणाच्या दुःखात धावून जाणं, याला जागा हवी. सगळा आठवडा गच्च भरला तर नेमकं जे करायला हवं तेच राहून जातं.

राहता राहिला नकार. आपल्या भाषेत ‘बघतो’, ‘जमवतो’ हे शब्द नकारासाठी वापरायची सवय आहे आणि ऐकणारा ते होकार म्हणून घेतो. त्यापेक्षा ‘डायरी बघून संध्याकाळी सांगतो’ असं म्हणावं आणि संध्याकाळी खरोखर कळवावं. मधल्या वेळात विचार होतो, घरात बोलणं होतं. नाही म्हणायचं असेल तर कारणांची माळ लावू नये. ‘या महिन्यात जमणार नाही, पुढच्या महिन्यात विचारा’ एवढं पुरे. दर सहा महिन्यांनी आखलेला आठवडा पुन्हा पाहावा, कारण तब्येत बदलते, नातवंडं मोठी होतात, आवडी बदलतात.

आणि एक विनंती तरुण वाचकांना. घरातल्या निवृत्त माणसाकडे काम सोपवताना आधी त्यांचा दिवस कसा आखला आहे ते विचारा. त्यांच्या वेळेला किंमत आहे हे तुमच्या बोलण्यात दिसलं, तर ते दुप्पट आनंदाने उभे राहतील.

ज्यांच्या निवृत्तीला अजून वर्ष-दोन वर्षं आहेत त्यांनी आपली ती एक-दोन कामं आजच हेरून ठेवावीत आणि रविवारचे दोन तास त्यांना द्यायला लागावं. ज्यांना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली त्यांनीही आता उशीर झाला असं मानू नये. सत्तरी गाठलेल्या भारतीयालाही सरासरी दहाहून अधिक वर्षं मिळतात. तेवढ्या वर्षांचे तास पुष्कळ होतात. येत्या रविवारी दोघांनी मिळून कागद घ्या, सात दिवस आखा आणि पहिली ओळ स्वतःच्या नावाने लिहा.